पडताळणी, तिमाही ब

मार्केट यार्डात मला काटेवाले साहेब म्हणतात.
हळदीच्या हंगामात
रुमालसुद्धा पिवळा होऊन घरी येतो.
मी वजनं उलटी करतो,
पोटातलं शिसं बघतो, शिशावरचा शिक्का,
साल, तिमाही.
मुदत संपली असेल तर खरं वजनही खोटं.
एकवीस वर्षं हेच.

घरी, रात्री, गॅसचं बटण.
बंद आहे. बंदच आहे.
अंथरुणावर पडलो की बोटांना आठवत नाही.
आधी सात वेळा उठायचो, मार्चपासून अकरा.
इंदुमती टॉर्च धरून उभी राहायची,
माझ्याबरोबर मोजायची.
एका रात्री तिनं बटणच काढून घेतलं
आणि उशीखाली ठेवून झोपली.
बटण नसलेली दांडी तपासायला
मी उठलो.

सकाळी तिनं बटण बसवलं, चहा टाकला,
पाठमोरीच म्हणाली,
काटा बिघडला की काय सांगता हो दुकानदाराला?
दुरुस्तीवाल्याकडे ने. लायसनवाल्या.
मग?

विश्रामबागला, मोबाइलच्या दुकानावर, एक गृहस्थ.
भिंतभर सर्टिफिकेटं, लॅमिनेशन केलेली.
सवयीनं जवळ जाऊन वाचली:
कार्यशाळा, तीन दिवस, हॉटेलचं नाव.
संमोहन, दोन दिवस.
एकावर नुसतंच, सहभागी.
म्हटलं, आपला नोंदणी क्रमांक?
ते गोड हसले. मनाचा विषय आहे साहेब, आकड्यांचा नाही,
विश्वास ठेवला तरच गुण येतो.
गणपती पेठेत एक जण असंच म्हणायचा,
विश्वासावर चाललंय साहेब,
आणि पारड्याखाली चुंबक.
फी मात्र त्यांनी आकड्यातच सांगितली.
सात बैठकांची, आगाऊ.

दुसरं नाव भाचेसुनेनं दिलं, ती मिरजेला नर्स आहे.
तरन्नुम शिकलगार.
फोनवर तोच प्रश्न विचारला, जीभ चाचरली,
वाटलं, आता रागावणार बाई.
लिहून घ्या, म्हणाली.
एकेक आकडा, मधे थांबत,
जसे आम्ही सीलचे नंबर वाचतो.
पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये बघा,
नूतनीकरण कधीपर्यंत आहे तेही बघा.
गोळ्या मी देत नाही. लागल्याच तर डॉक्टर वेगळे,
त्यांचाही नंबर तपासून घ्या.
मग या.

भाच्यानं कॉम्प्युटरवर काढून दिलं.
नाव तेच. क्रमांक तोच. मुदत चालू.

जेवण झाल्यावर पुन्हा बघितलं.
रात्री, गॅस झाल्यावर, पुन्हा.
मधल्या वेळात काय बदलणार होतं?
पण बोटांना आठवत नव्हतं.
बस वानलेसवाडीला थांबली तेव्हाही
फोन हातात.

लहानशी खोली. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या.
खालच्या दुकानात कुणी सतार लावत होतं,
एकच तार, परत तीच, परत तीच.
मला त्या माणसाची काळजी वाटली.

रजिस्टर पाहिलंत ना?
हो.
किती वेळा?
आयुष्यात मोजणीत खोटं बोललो नाही.
चौदा, म्हटलं.
ती हसली नाही. वहीतही काही लिहिलं नाही.
पहिली वेळ बरोबर होती, म्हणाली,
सगळ्यांनी करावी अशी.
बाकीच्या तेरा घेऊन तुम्ही इथं आलात.

खाली तार जुळली असावी. किंवा तो चहाला गेला असेल.
समोर भिंतीवर एकच कागद, चौकट जराशी तिरकी.
कोपऱ्यात सालाचे आकडे, चष्म्याशिवाय
न वाचता येण्याइतके बारीक.
हात खिशात गेला,
चष्म्याच्या काडीवर
बराच वेळ तसाच राहिला.